चौथ्या दिवसाचं मीठ

१

फिटरकाकांनी तिला आधीच सांगितलं होतं. पुढे तिने कितीही वेळा आठवून पाहिलं तरी ते सांगणं काही पुसलं जात नव्हतं.

अंगणात उलट्या बादलीवर बसून, दोन हातांत दोन पांढऱ्या गाळण्या धरून ते म्हणाले होते, "ताई, तुमच्या बोअरला गाळ आहे. आधी ही जाड गाळणी लावू, तिच्या मागे ही बारीक. एकदम बारीक लावलीत तर महिनाभरात तुंबेल. पाण्याचा जोर गेला की मागचं पाणी मऊ करायचं यंत्र नीट धुतलं जाणार नाही. आणि स्वयंपाकघराचा आणि अंगणातला, हे दोन प्यायचे नळ तेवढे मला यातून बाहेर ठेवू द्या."

गोटीची आई ऐकत होती, पण ऐकून घेण्याच्या बेतात नव्हती. तिने दीड महिना अभ्यास केला होता. पाणी तपासून घेतलं होतं, अहवालातला जडपणाचा आकडा लाल पेनाने अधोरेखित केला होता, चार कंपन्यांची पत्रकं शेजारी शेजारी मांडून वाचली होती. अंगाला साबण लागत नव्हता, टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होत होते, गीझरची कांडी दर तीन महिन्यांनी चुन्याने माखत होती, आणि बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसत होता. घरात आठ महिन्यांचं बाळ. मग बारीक ती बारीक, जाड कशाला मध्ये? शिवाय भिंतीवर गाळणीच्या एकाच डब्यापुरती जागा होती; बाजूला गोटीची गाडी उभी राहायची. आणि सगळ्या घराचा फिल्टर म्हणजे सगळ्या घराचा. त्यातून दोन नळ वगळायचे, हे काय गणित?

"सगळ्यात बारीक असेल ती लावा काका," ती म्हणाली. "तुम्ही नका काळजी करू, ते काम मी करते."

काकांनी खांदे उडवले आणि भिंतीवर पेन्सिलने स्वतःचा फोन नंबर लिहून ठेवला. हा माणूस नंबर नेहमी भिंतीवर लिहायचा. कागद हरवतात, भिंत हरवत नाही, असं त्याचं म्हणणं.

काम झालं. टॉवेल मऊ झाले, पाणी काचेसारखं आलं, आणि गोटीच्या आईला दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

त्यानंतर दहा आठवड्यांनी, एका सोमवारी, डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खळगा तसाच राहिला.

"महिन्यात तीन किलो," बाई म्हणाल्या. "हे मांस नाही, हे अंगात धरलेलं पाणी आहे. मीठ बंद आहे म्हणता ना?"

गोटीची आई म्हणाली, अगदी चिमूटसुद्धा नाही.

"मग घरात कोणीतरी यांना मीठ देतंय. शोधा. शुक्रवारपर्यंत वजन उतरायला लागलं नाही तर भरती करून घेईन. आणि या हृदयाला आणखी किती ओढायला लावायचं, हे मी नाही सांगू शकत."

आजोबा खुर्चीतून उठता उठता हसून म्हणाले, "शुक्रवारी गोटीला भिंतीच्या आधाराने फाटकापर्यंत न्यायचं ठरलंय आमचं. भरती शनिवारी ठेवा."

कोणी हसलं नाही.

२

आजोबा म्हणजे गोटीच्या आईचे सासरे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. हृदय दुखावल्यापासून दुकान बंद होतं, पण शिस्त चालू होती. पहाटे पाचला उठायचं, काट्यावर उभं राहायचं, वजन वहीत लिहायचं. किलो, आणि टिंबानंतरचा आकडासुद्धा. खोली अंगणाच्या बाजूला. खिडकीत गुलाबाच्या तीन कुंड्या, कोपऱ्यात तिवईवर पाण्याची मातीची सुरई. फ्रिजच्या पाण्याला ते पाणी मानत नसत.

घरात बाकी माणसं मोजकी. नवरा पुलाच्या कामावर लांब होता. शनिवारी रात्री उशिरा यायचा, रविवारभर घरात असायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. गोटी साडेदहा महिन्यांची. तिच्यावर संशय घेता येत नव्हता, जरी हाताला लागेल ते ती सगळ्यांच्या तोंडात कोंबायची. आणि आत्या. आजोबांची धाकटी बहीण, नवऱ्यामागे गेली सहा वर्षं इथेच. स्वयंपाकघर तिचं. तिथे गोटीच्या आईला चहा करायचा झाला तरी आधी खोकून आत जावं लागे.

संशय पहिला तिच्यावरच गेला. आत्याच्या हाताला मीठ सढळ, ही अख्ख्या नात्यात माहीत असलेली गोष्ट. दादासाठी ती गेले सहा महिने वेगळं अळणी शिजवत होती खरी, पण "दादा, घासभर चाखून तर बघ" असं म्हणण्याइतकी मायाही तिच्यापाशी होतीच. आणि एक गोष्ट गोटीच्या आईच्या डोक्यात टोचत होती: आजोबा ते अळणी जेवण रोज मिटक्या मारत संपवायचे. "आज झकास झालंय," रोज. बिनमिठाची दुधीभोपळ्याची भाजी कोणाला झकास लागते?

सोमवारी संध्याकाळी आत्या कपडे वाळत घालायला गेली तेव्हा गोटीची आई स्वयंपाकघरात शिरली. मिठाचा डबा उघडला, वरचं मीठ सारखं केलं, आणि आतल्या बाजूने मिठाच्या पातळीवर आयब्रो पेन्सिलने बारीकशी रेघ मारली. उद्या घरच्यांच्या स्वयंपाकाला किती लागतं ते तिला ठाऊक होतं. जास्त उतरलं तर कळणारच होतं.

मंगळवारी दुपारी ती रेघ आत्याला सापडली.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा आणून गोटीच्या आईसमोर, वर्तमानपत्रावर ठेवला.

"माझ्या डब्यावर पहारा बसवलास होय, सूनबाई? अगं, तोंडाने विचारायचंस. याच हाताने मी दादाला लहानपणी भरवलंय; तो मोठा असून भरवलंय, कारण तो तापात होता. आता याच हाताने त्याला मारायला निघाले असं वाटलं तुला?"

गोटीची आई काहीतरी पुटपुटली. आत्या ऐकायला थांबली नाही.

"आणि मीठच मोजायचंय ना? मग ते मोज, जे तुझं यंत्र खातं. पोतंच्या पोतं रिचवतं महिन्याला. आणि मोबदल्यात काय, तर न्हाणीघरात बादली भरेपर्यंत माझी निम्मी भांडी घासून होतात. पूर्वी नळ सोडला की धार तरी होती."

मग ती खोलीत गेली, आणि कपाटाच्या वरून बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. गुरुवारी सकाळी दहाच्या गाडीने ती भाचीकडे निघणार होती. कायमची.

३

रेघेपासून मीठ तसूभरच खाली गेलं होतं. घरच्यांना लागलं तेवढंच.

चूक करून बसल्यावर माणूस जसा आणखी जोरात धावतो, तशी गोटीची आई त्याच दुपारी गोटीला कडेवर घेऊन टेलरमास्तरांच्या दुकानात गेली. टेलरमास्तर समोरच्या गल्लीतले. रोज चारला शिलाई मशीन झाकून आजोबांशी बुद्धिबळ खेळायला यायचे, फक्त रविवारी नाही. रविवारी ते मुलीकडे जात. येताना खिशात शेंगदाण्यांची पुडी असायची. खारे शेंगदाणे. तिने डोळ्यांनी पाहिले होते.

मास्तर कोटाची बाही उसवत होते. त्यांनी प्रश्न ऐकला, तोंडातली टाचणी काढली, आणि फारच दुखावलेला चेहरा केला. त्यांचं म्हणणं असं की पुड्या दोन असतात. खारी त्यांची, अळणी घड्याळजींची. इतकी वर्षं कापड मोजणाऱ्या माणसाला एवढी मोजदाद येत नाही की काय? पण मग ते अडखळले. टाचणी पुन्हा तोंडात घालायला गेले, पुन्हा काढली.

"एकदा चुकलं होतं," ते हळूच म्हणाले. "दीड एक महिना झाला. पुड्या बदलल्या. मी तोंडात टाकले तर माती. म्हटलं मेलो, खारे त्यांच्याकडे गेले. बघतो तर घड्याळजींनी मूठभर खाल्लेले, आणि वर म्हणतात कसे, मास्तर, आजकाल अळणी दाणेसुद्धा छान मिळतात. सभ्य माणूस. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले."

गोटीच्या आईला हे सभ्यपणाचंच वाटलं. एका मुठीने तीन किलो वजन वाढत नाही. तिने मास्तरांची माफी मागितली, आणि मास्तरांनी गोटीच्या हातात रिकामं रीळ दिलं.

बाहेर पडताना मास्तर मागून म्हणाले, "आणि त्यांच्या गुलाबांना काय झालंय बघा जरा. पानांच्या कडा करपल्यात, कोणी इस्त्री फिरवल्यासारख्या. त्याच गुलाबाची फांदी मी तुमच्या फाटकापाशी लावलीय, ती कशी तरारलीय."

तिने मान डोलावली. गुलाबांचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

४

बुधवारी दुपारी गोटी झोपली तेव्हा तिने आजोबांकडे वही मागितली. त्यांनी ती शाळकरी पोराने प्रगतिपुस्तक द्यावं तशी दिली.

सुबक, मुंगीसारखे आकडे. यंत्र बसवल्यानंतर चार-पाच आठवडे वजन एका रेषेत. आणि मग चढण. पण सरळ नाही. एका दिवशी अर्ध्या-पाऊण किलोची उडी, मग पुढचे तीन दिवस किंचित उतार, मग पुन्हा उडी. जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

तिने उडीच्या वारांखाली रेघा ओढल्या. शेवटच्या पाच अशा होत्या: शनिवार, बुधवार, रविवार, गुरुवार, सोमवार. वजन पहाटेचं, म्हणजे मीठ पोटात गेलं ते त्याच्या आदल्या दिवशी: शुक्रवार, मंगळवार, शनिवार, बुधवार, रविवार.

तिने बोटांवर मोजलं. दर चौथ्या दिवशी.

मग तिने एकेकाला त्या रेघांसमोर उभं केलं. शेवटचं मीठ रविवारचं. टेलरमास्तर रविवारी येतच नाहीत. मास्तर सुटले. नवरा फक्त रविवारीच घरात. मग मंगळवार-बुधवारचं काय? तो सुटला. आत्या? दुसऱ्या उडीचा मंगळवार तिने कॅलेंडरवर शोधला. त्या मंगळवार ते गुरुवार आत्या भाचीच्या घरी होती. घरात नव्हतीच. त्या तीन दिवसांत आजोबांचा स्वयंपाक कोणी केला होता?

तिने स्वतः.

आत्या निर्दोष होती, ती उद्या बॅग घेऊन निघाली होती, आणि यादीत आता एकच नाव उरलं होतं. गोटीच्या आईने वहीत पाहिलं, आणि रेघ ओढलेल्या त्या मंगळवारातून ती स्वतःच स्वतःकडे बघत होती.

"काय सापडलं?" आजोबांनी विचारलं.

तिने सांगितलं. दर चौथ्या दिवशी होतं, पण कोण करतं ते कळत नाही.

आजोबांनी चष्मा पुसला. घड्याळ उघडल्यावर करायचे तसा चेहरा केला. "चौथा दिवस? मग माणूस शोधू नकोस, पोरी. माणसाची सवय आठवड्याची असते. बाजार रविवारी, सुट्टी रविवारी, डोकं धुणं शनिवारी. आठवड्याला चाराने भाग जात नाही. वार न बघता दर चौथ्या दिवशी तेच करतं, ते यंत्र. चाकाचे दात मोजतं ते, वार नाही."

गोटीच्या आईने हळूच खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात गोटीच्या गाडीशेजारी ते उभं होतं. निळं, उंच, गप्प.

रविवार आणि चार. उद्या गुरुवार.

५

गुरुवारी पहाटे पावणेपाचला गोटी खांद्यावर, दुपटं दोघींभोवती, अशी ती अंगणाच्या दारामागे उभी राहिली. आत्याच्या खोलीत अंधार होता. दाराशी बॅग उभी होती.

पाचला आजोबा बाहेर आले. अंगणातला नळ यंत्रापासून चार हातांवर. घरातला सगळ्यात पहिला. त्यांनी सुरई नळाखाली लावली आणि नळ सोडला. धार बारीक होती, सुरई भरायला बराच वेळ लागला, आणि ते तोवर आकाशाकडे बघत उभे राहिले. मग आत गेले. पेलाभर पाणी प्यायले. काट्यावर उभे राहिले. वहीत लिहिलं.

बस. ना कोणी आलं, ना कोणी गेलं.

गोटीच्या आईला रडू यायला लागलं. इतक्यात उजाडलं, आणि खिडकीतले गुलाब तिला दिसले. पानांच्या कडा खरंच करपल्या होत्या. फाटकाजवळचा गुलाब, त्याचाच भाऊ, हिरवागार होता. फाटकाजवळच्या गुलाबाला दुपारी नळीचं पाणी मिळायचं. आणि खिडकीतल्यांना? रोज संध्याकाळी सुरईत उरलेलं, आजोबांच्या हातचं.

ती खोलीत गेली. सुरईच्या अंगावर पांढरा थर होता. तो तिने रोज पाहिला होता, आणि रोज मनात म्हटलं होतं, चुना. या घरात कशावर चुना नव्हता? पण चुना घालवायला तिने किती वर्षं व्हिनेगर, लिंबू, घासणी आणि दोन नखं खर्ची घातली होती. आणि चुना तर आता पाण्यात नव्हताच; त्याच्यासाठी तर यंत्र आणलं होतं.

तिने दुपट्याचं टोक ओलं करून थरावरून फिरवलं.

थर विरघळून गेला. एका फिरवण्यात. व्हिनेगर नाही, घासणं नाही. चुना असा जात नाही.

तिने बोट जिभेला लावलं.

खारट.

मग तिने आजोबांच्या पेल्यातलं उरलेलं पाणी तोंडात घेतलं आणि तसंच थुंकलं.

"बाबा, हे पाणी कसं लागतं तुम्हाला?"

"पाण्यासारखं."

"बाबा."

आजोबा खूप वेळ वहीच्या कडा जुळवत बसले. वही आधीच जुळलेली होती.

"सहा महिने झाले," ते म्हणाले. "त्या आजारपणानंतर तोंडाची चवच गेली. गोड नाही, खारट नाही, काही नाही. सांगायचं काय त्यात? बहीण बिचारी अळणी शिजवून शिजवून कानकोंडी होते, तिला म्हटलं झकास झालंय. ती खूश झाली. मग रोज म्हणायला लागलो."

गोटीच्या आईच्या खांद्यावर गोटीने डोळे उघडले. गोटी. गोटीचं पाणी.

६

ती स्वयंपाकघरात धावली. नळ सोडला, चाखलं. किंचित खारट. सोडून ठेवला, चाखलं. कमी. दोन बादल्या भरल्या, चाखलं. साधं पाणी. गोटीचं पाणी ती नऊला उकळायची. तोवर घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी, भांडी, कपडे होऊन गेलेले असत. ती ओट्याला टेकून खाली बसली. आत्या दारात उभी होती. सूनबाईला ओट्याशी खाली बसलेली पाहून ती बॅग विसरली.

"काय झालं गं? पोरगी बरी आहे ना?"

भिंतीवरचा नंबर होताच. साडेआठला फिटरकाका आले. टेलरमास्तरही आले, कारण गल्लीत काही घडलं आणि टेलरमास्तर नाहीत असं होत नसे. सगळे अंगणात यंत्राभोवती उभे राहिले आणि गोटीच्या आईने बोलायला सुरुवात केली. साखळीतली एकही कडी निसटली नाही.

तिने सांगितलं की पाण्यातला जडपणा या टाकीतले मणी धरून ठेवतात. मणी भरले की यंत्र त्यांना मिठाच्या पाण्याने धुतं आणि मग साध्या पाण्याने खळबळून ते मीठ मोरीत सोडून देतं. हे दर चौथ्या दिवशी पहाटे तीनला, सगळे झोपलेले असताना. आत्याने दोन दिवसांपूर्वी तिला रागाने सांगितलं होतं की घरात सगळ्यात जास्त मीठ कोण खातं. तिने तो टोमणा समजला, पुरावा नाही. आत्याने हेही सांगितलं होतं की नळाला धार राहिली नाही. जोर नसेल तर यंत्र मीठ आत ओढतं कसंबसं, पण ठरलेल्या वेळात धुऊन काढू शकत नाही. ते खारट पाणी टाकीत पडून राहतं आणि पहाटे जो पहिला नळ सोडेल त्याच्या वाट्याला येतं.

"पण पहिला नळ सोडून दोन मिनिटं वाहू द्यायचा, एवढं कोणालाही कळतं," टेलरमास्तर म्हणाले.

आजोबा आणि आत्याने एकमेकांकडे पाहिलं.

"आमच्या घरी नाही," आत्या म्हणाली. "लहानपणी पाणी पहाटे अर्धा तास यायचं. पहिली धार वाया घालवली की आई पाठीत धपाटा घालायची. दादा अजून पाचला उठतो तो त्याच भीतीने. पहिली धार त्याच्या सुरईत."

"आणि इतर कोणी ते प्यायलं असतं तर लगेच थुंकलं असतं," गोटीची आई म्हणाली. "बाबांना कळलं नाही. मास्तर, तुमचे खारे दाणे त्यांनी सभ्यपणाने नव्हते खाल्ले."

फिटरकाकांनी आता पाना लावला आणि भिंतीवरचा पांढरा डबा उघडला. आतली गाळणी बाहेर आली. दहा आठवड्यांपूर्वी ती दुधासारखी होती. आता ती मातीची वीट होती, तिच्यावर बोट दाबलं तरी खळगा पडत नव्हता.

"मी सांगितलं होतं," असं ते म्हणाले नाहीत. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

"काकांनी मला सांगितलं होतं," तीच म्हणाली. "जाड आधी, बारीक मागे. प्यायचे नळ बाहेर. मी सगळ्यात बारीक मागितली, कारण मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आत्या, मिठाचा डबा मी उघडायला नको होता. जो उघडायचा होता तो हा."

आत्याने गोटीला आईच्या कडेवरून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि मग मोर्चा दादाकडे वळवला.

"म्हणजे सहा महिने झकास, झकास, ते सगळं खोटं?"

"खोटं कसं," आजोबा म्हणाले. "तू समोर बसून वाढत होतीस. ते झकासच होतं."

"पुरे. आजपासून तुला काहीही वाढेन मी."

आणि ती आत गेली. थोड्या वेळाने बॅग कपाटावर परत ढकलल्याचा आवाज आला. दहाची गाडी तिच्याशिवाय गेली.

७

काकांनी दुपारपर्यंत काम संपवलं. आधी जाड गाळणी, गाळाचे खडे अडवायला. तिच्या मागे बारीक. दोन्हींच्या मागे छोटं काट्याचं घड्याळ, पाण्याचा जोर दाखवणारं. काटा लाल रेघेखाली गेला की गाळणी बदलायची. त्याची जबाबदारी अर्थातच आजोबांकडे. अंगणातला आणि स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ मऊ पाण्यातून बाहेर काढला. त्यांना नुसतं गाळलेलं पाणी. किटलीला थोडा चुना बसेल, काका म्हणाले. बसू दे, ती म्हणाली. गोटीची गाडी भिंतीपासून हलवून जिन्याखाली गेली. तिथे ती पहिल्यापासून मावली असती.

शुक्रवारी पहाटे वहीतला आकडा पाऊण किलोने उतरला. गुरुवारचं एकाच पेल्याचं खारट पाणी, बाकी दिवसभर साधं. डॉक्टरीणबाईंनी पायावर अंगठा दाबला, खळगा अजून पडत होता, पण भरायला लागला होता. बाईंनी भरतीचा कागद खणात परत ठेवला. चव जाते ती काही औषधांनीही जाते, त्यातली एक गोळी बदलून बघू, असं त्या म्हणाल्या, आणि हे आधी का नाही सांगितलंत म्हणून रागावल्या. आजोबांनी शाळेत उभं केल्यासारखं ऐकून घेतलं.

त्याच संध्याकाळी गोटी भिंतीला धरून निघाली. पुढे आजोबा, वाकलेले, एक बोट पुढे केलेलं. मागे आत्या, पडली तर झेलायला. बाजूला टेलरमास्तर, सूचना द्यायला. फाटकापर्यंत ती काही पोचली नाही. निळ्या यंत्रापाशी थांबली, त्याला एक चापट मारली आणि खाली बसली. आजोबा म्हणाले, योग्य माणसाला मारलं.

तीन आठवड्यांनी आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि थबकले. "यात साखर जास्त झालीय," ते म्हणाले. आत्या पदराने डोळे पुसत आत पळाली. वर्षानुवर्षं साखर ती तेवढीच घालत होती.

आता गल्लीत कोणाला घराचा फिल्टर घ्यायचा असला की ते गोटीच्या आईकडे येतात. ती त्यांना लाल अधोरेखित अहवाल दाखवते, दोन्ही गाळण्या दाखवते, प्यायचा नळ बाहेर ठेवा म्हणून बजावते. पण ते निघाले की फाटकापाशी थांबवून एक गोष्ट ती मागते, आणि ज्यांनी हे इथवर वाचलं त्यांच्याकडेही तिचं तेच मागणं आहे. तुमच्या घरात, नाहीतर भिंतीपलीकडे, कोणी म्हातारं माणूस रोजच्या रोज "छान झालंय" म्हणून मुकाट जेवत असेल, तर आज त्यांच्याकडे जाऊन या. खरंच चव लागते का, ते विचारा. आणि त्यांच्या सुरईतलं पाणी एक घोट तुम्ही पिऊन बघा.